अंगठ्याचा जोर

डॉक्टरांनी आधी साखर तपासली, मग वजन केलं. ज्या माणसाने उभा जन्म दुसऱ्यांची वजनं तपासण्यात घातला, त्याला स्वतःचं वजन ऐकून खुर्चीचा आधार घ्यावा लागला. "सायकल चालवा," डॉक्टर म्हणाले. झालं, इतकंच. पुढे जे रामायण घडलं त्यात डॉक्टरांचा काही दोष नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. कारण निरीक्षकसाहेब बरेच दिवस तो दोष डॉक्टरांच्याच माथी मारत होते.

निरीक्षकसाहेब म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. बाजारात ते नुसते शिरले तरी दुकानदार तराजू पुसायला घ्यायचे. तागडीखाली चिकटवलेलं मेण, पोकळ केलेलं वजन, बोलता बोलता पारड्याला हळूच लागणारा अंगठा, यातलं काही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. काटा मारणाऱ्याला ते पकडत तेव्हा आरडाओरडा करत नसत. फक्त चष्मा काढून, पुसून, परत लावत. तेवढ्यावरच समोरचा आपणहून खोटं वजन काढून पुढे ठेवायचा. असा माणूस सायकल घेणार म्हटल्यावर अख्ख्या इमारतीने सल्ला द्यायला कंबर कसली.

तळमजल्यावर कोच राहायचे. आयुष्यभर पोरांना पोहायला शिकवून निवृत्त झालेले, आणि आता पाणी नाही तर सायकल, म्हणून त्यांनी 'पॅडल मंडळ' काढलेलं. ते म्हणाले, "साधी सायकल घ्या. मोटर म्हणजे कुबडी." दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "बॅटरीवरची घ्या, पण वर्ग बघून घ्या. वर्ग चुकला तर सायकल राहील बाजूला, खटला चालवावा लागेल." बायको म्हणाली, "काहीही घ्या, पण दिवाणखान्यात आणून उभी करू नका."

वहिनींनी मात्र सल्ला दिला नाही. त्या नुसत्या खूश झाल्या. वहिनी म्हणजे निरीक्षकांच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ लवकर गेला, पण त्याच्या आधीपासूनच या दिराला त्यांनी पोटच्या पोरासारखं वाढवलेलं. चार गल्ल्या सोडून त्या राहायच्या आणि एका रक्ततपासणीच्या लॅबसाठी घरोघरी जाऊन लोकांचं रक्त काढायच्या. सकाळी सहाला पेटी सायकलच्या मागे बांधून निघायचं, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या शिरा शोधायच्या आणि नमुने तापायच्या आत लॅबमध्ये पोचवायचे. जिन्यावरून पडल्यापासून त्यांचा उजवा गुडघा अर्ध्यावरच वाकत असे, त्यामुळे पॅडलचा फेरा काही पुरा व्हायचा नाही. म्हणून त्यांची सायकल बॅटरीची आणि थ्रॉटलची. अंगठ्याने खटका दाबायचा की ती आपली गुरगुरत निघाली.

"वहिनी, तिला सायकल म्हणू नका हं," निरीक्षक त्यांना चिडवायचे. "चाकं लावलेली खुर्ची आहे ती."

"असू दे बाई खुर्ची. वेळेवर पोचवते ना?" वहिनी हसून म्हणायच्या.

दुकानात गेल्यावर निरीक्षकांना कळलं की वकील उगीच घाबरवत नव्हते. दुकानदाराने बोटं मोजून समजावलं.

"तीन वर्ग आहेत साहेब. पहिल्यात पाय मारला तर मोटर मदत करणार, पाय थांबला की मोटरही थांबली. कायद्याने ही सायकलच. हिला हिरवी पट्टी. कालव्याकाठच्या सायकलमार्गावर खुशाल फिरा. दुसऱ्यात आला थ्रॉटल. हा बघा खटका. पाय हलवा नाहीतर मांडी घालून बसा, गाडी पळणार. हिला पिवळी पट्टी. आणि तिसरा वर्ग विचारूच नका, ती मोटरसायकलच, लाजेकाजेस्तव पॅडल लावलेली."

"पिवळी पट्टी सायकलमार्गावर चालते?"

"तोच तर घोळ चाललाय. सध्या बंदी. त्यांनी मोठ्या रस्त्याने जायचं, ट्रकांच्या बरोबरीने. मध्ये रखवालदार कानाडोळा करायचे, आता कडक झालेत. सुनावणी होणार आहे म्हणतात, थ्रॉटलला आत घ्यायचं की नाही म्हणून."

जी सायकल निरीक्षकांच्या मनात भरली तिची खुबी अशी होती की ती पायाचा जोर मोजायची. तुम्ही जितका जोर लावाल त्या मापात मोटर मदत करायची. मापाने चालणारी सायकल! निरीक्षकांना ती खात्यातलीच वाटली. फक्त तिच्या दांड्यावर थ्रॉटलचा खटका होता.

"कारखान्यातून अशीच येते," दुकानदार म्हणाला. "पहिल्या वर्गात हवी तर वायर सोडवून देतो आणि हिरवी पट्टी लावतो. पुढेमागे गुडघे कुरकुरले तर वायर नुसती जोडली की झालं."

निरीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी वजनमापे खात्यात आहे. बाहेर पट्टी एक आणि आत माल दुसरा, हे माझ्यापुढे बोलू नका."

दुकानदाराने गुपचूप वायर सोडवली.

पहिल्या दिवशी कोच स्वतः बरोबर आले. कालव्याकाठचा मार्ग सपाट आणि गार, निरीक्षकांना वाटलं आपण उगीच इतकी वर्षं फुकट घालवली. मग पूल आला. त्या पुलाचा चढ पायी जाणाऱ्याला जाणवतसुद्धा नाही. सायकलवाल्याला मात्र तो आपल्या सगळ्या पापांची आठवण करून देतो. मोटर मापाने मदत करत होती हे खरं, पण निरीक्षकांच्या पायात जोरच इतका बेताचा होता की मदतही बेताचीच मिळत होती. अर्ध्यावर सायकल थांबली. निरीक्षक उतरले. एक बाई कडेवर मूल घेऊन, गप्पा मारत, त्यांना मागे टाकून गेली. मुलाने वळून त्यांना टाटा केला.

"होईल हळूहळू," कोच म्हणाले, आणि सांत्वनासाठी त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की उरलासुरला श्वासही गेला.

त्या संध्याकाळी त्यांनी वायर जोडली असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांनी ती फक्त पाहायला हातात घेतली. दोन टोकं एकमेकांसाठीच केलेली होती, ती आपोआप जुळली. आता सरकारी मापालासुद्धा कायद्याने थोडी सूट असते. अगदी सोन्याच्या काट्यालाही अमुक इतकी चूक माफ असते. पुलाचा तेवढा चढ ही आपल्याला मिळालेली सूट, असं निरीक्षकांनी ठरवलं. चढापुरताच अंगठा दाबायचा, बाकी सगळं पायाने.

पण सूट ही वस्तूच वाईट. पहिल्या आठवड्यात ती पुलापुरती होती, मग पुलाच्या अलीकडच्या वळणापुरती झाली, मग वारा समोरून असेल तर, मग आदल्या रात्री झोप नीट झाली नसेल तर. होता होता ही सूट अख्खं मापच गिळून बसली. निरीक्षक दारातून अंगठा दाबून निघायचे आणि कचेरीच्या दारात सोडायचे. पाय मात्र फिरत ठेवायचे. अगदी सावकाश, डौलात, जोर न लावता. खटक्यावर त्यांनी एक छोटा पंचा बांधून ठेवला होता, घाम पुसायला म्हणून. घाम काही आला नाही, पण खटका झाकला गेला.

लोकांना काय दिसत होतं? एक पन्नाशी उलटलेला, सुटलेल्या पोटाचा, चष्मेवाला माणूस पुलाचा चढ संथ लयीत चढतोय. भलेभले तरुण दात-ओठ खात चाललेत आणि हा त्यांच्या बाजूने "नमस्कार" म्हणत पुढे जातोय. कोच तर भारावूनच गेले. मंडळाच्या फलकावर निरीक्षकांचा फोटो लागला. लोक येऊन गुपित विचारू लागले. गुपित नसतं तर निरीक्षकांना काही बोलता आलं नसतं, पण होतं, त्यामुळे त्यांना पुष्कळ बोलावं लागलं. "लय सांभाळायची," ते सांगायचे. "श्वास नाभीपासून घ्यायचा." कोणी फारच निरखून बघतंय असं वाटलं की पुलाच्या माथ्यावर थांबून थोडं धापा टाकायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

घरी मात्र मामला सोपा नव्हता. एक दिवस बायको त्यांचा शर्ट हातात धरून दारात उभी राहिली.

"दोन महिने सायकल चालवताय. या शर्टाला घामाचा वास नाही."

"लय सांभाळतो मी."

दुसऱ्या दिवसापासून निरीक्षक घराजवळ आले की बाटलीतलं पाणी पाठीवर ओतून घेऊ लागले. बायकोने तो शर्टही हुंगला. "घाम खारट असतो एवढं मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी काही विचारत नाही." आणि खरोखरच तिने काही विचारलं नाही. त्याचा निरीक्षकांना जास्त त्रास झाला.

मग साखरेचं निघालं. वहिनी महिन्याच्या महिन्याला घरी येऊन त्यांचं रक्त न्यायच्या. साखर होती तिथून हलली नव्हती, उलट किंचित चढलीच होती. वहिनी काळजीत पडल्या. "इतका व्यायाम करून असं कसं हो भाऊजी?"

खरं सांगून टाकायला ती वेळ चांगली होती. समोर फक्त वहिनी होत्या आणि त्यांनी कधी रागावायचं नाव घेतलं नसतं. पण निरीक्षकांच्या तोंडून निघालं ते असं: "तुमच्या लॅबचं यंत्र तपासून घ्या. मापात खोट असणार."

वहिनींनी त्यावर विश्वास ठेवला. वजनमापे खात्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण ठेवणार नाही? त्यांनी लॅबच्या मालकाच्या मागे लागून यंत्राची तपासणी करवली. यंत्र चोख निघालं. मालक सगळ्यांच्या देखत वहिनींना वाटेल ते बोलला. हे निरीक्षकांना बायकोकडून जेवताना कळलं. घास तोंडात फिरत राहिला, पण त्यांनी तो गिळला आणि मीठ मागितलं.

एवढ्यात सुनावणीची तारीख लागली. थ्रॉटलवाल्यांना सायकलमार्गावर येऊ द्यावं की नाही, यावर परिवहन कचेरीत लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होते. वहिनी त्याच संध्याकाळी आल्या.

"भाऊजी, तुम्ही माझ्या बाजूने दोन शब्द बोला. रखवालदार मला आता आत सोडत नाही. परवा मोठ्या रस्त्यावर ट्रक इतका जवळून गेला की पेटीच पडली. नळ्या फुटल्या. सगळ्यांच्या घरी परत जाऊन परत सुया टोचायच्या म्हणजे... एका आजोबांनी तर दारच उघडलं नाही. मालक म्हणतो, जमत नसेल तर सोडा. तुम्ही सरकारी माणूस, तुमच्या शब्दाला मान आहे."

"बोलतो ना," निरीक्षक म्हणाले. "तुमच्यासाठी नाही बोलायचं तर कुणासाठी?" आणि ते त्या क्षणी अगदी मनापासून बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोच पेढ्यांचा पुडा नाचवावा तसा एक कागद नाचवत आले. मंडळाने एकमताने ठराव केला होता. थ्रॉटलच्या विरुद्ध मंडळातर्फे एकच साक्षीदार उभा राहणार, तो म्हणजे निरीक्षकसाहेब! "तुम्ही नुसते उभे राहिलात तरी पुरे," कोच म्हणाले. "या वयात, या पोटाने जो माणूस पूल चढतो, त्याला बघून कोण म्हणेल थ्रॉटल हवा म्हणून?"

'या पोटाने' हे शब्द निरीक्षकांना लागले. नाही म्हणावं तर का नाही, ते सांगावं लागणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. शेवटी त्यांनी ठरवलं की सभेत दोन्ही पारडी समान ठेवून बोलायचं. कुणाचंच मन दुखवायचं नाही. असं बोलणाऱ्याच्या हातून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, पण ते त्यांना तेव्हा आठवलं नाही.

परिवहन कचेरीचं सभागृह खचाखच भरलं होतं. मधोमध सुनावणी अधिकारी बाई बसल्या होत्या. सकाळपासून भाषणं ऐकून त्यांचा चेहरा पाटीसारखा कोरा झाला होता. वहिनी शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पाय लांब करता यावा म्हणून. कोचांनी निरीक्षकांची ओळख अशी करून दिली की दोन-तीन लोक उभेच राहिले. आणि मग निरीक्षक बोलायला उठले. त्यांना खरंच दोन्ही बाजू मांडायच्या होत्या. पण पहिल्या बाजूलाच टाळ्या पडल्या. टाळी ही वस्तू अशी की ती मिळाली की माणसाला दुसरी बाजू सुचतच नाही. "चढ पायांनी चढायचा नसतो," ते शेवटी म्हणाले, "मनाने चढायचा असतो!" सभागृह दणाणलं.

त्यानंतर वहिनींचं नाव पुकारलं गेलं. त्या खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश उठल्या.

"माझं म्हणणं मी मागे घेते," त्या म्हणाल्या. "आत्ता बोलले ते माझे दीर. त्यांना या वयात जमतं, म्हणजे मीच कुठेतरी कच खाल्ली असेल. घरातल्या माणसाच्या शब्दाविरुद्ध चारचौघांत मी नाही बोलणार."

त्या बसल्या. निरीक्षकांना तोंडात मारल्यासारखं झालं. उठून काही बोलावं तर बाई कोचांकडे वळल्या होत्या.

"भाषणं मला पुष्कळ ऐकायला मिळतात," अधिकारी बाई म्हणाल्या. "मागच्या बाजूला सामान चढवायचा उतार आहे. तुमच्या पुलापेक्षा जरा तीव्रच असेल. साहेबांनी चढून दाखवावा."

सगळे आवारात आले. त्या क्षणी निरीक्षकांनी मनाशी एक निश्चय केला, आणि त्यांच्या बाजूने सांगण्यासारखी एवढीच एक गोष्ट आहे. त्यांनी ठरवलं, खटक्याला हात लावायचा नाही. मेलो तरी बेहत्तर, आज पायाने चढायचं. पडलो तर पडलो, थांबलो तर थांबलो. ते बसले, दोन्ही पायांनी जीव खाऊन जोर लावला. त्या सायकलला महिनोनमहिने असा जोर माहीत नव्हता. चेनला तर तेलसुद्धा मिळालं नव्हतं, कारण तिचा उपयोगच नव्हता. उतार निम्मा चढला असेल नसेल, तोच खाड्कन आवाज झाला, पॅडल एकदम हलकं झालं आणि सायकल मागे सरकू लागली.

सायकल मागे सरकली की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस सवयीचं तेच करतो. निरीक्षकांचा अंगठा पंच्याखाली गेला. सायकल गुरगुरली आणि वर निघाली. पायही सवयीने फिरत राहिले, संथ, डौलात. तुटलेली चेन घसरत खाली उताराच्या पायथ्याशी पडली होती आणि सायकल आपली वर चाललेली. निरीक्षक माथ्यावर पोचले तेव्हा आवारातले सगळे त्या चेनकडे बघत होते.

कोचांनी चेन उचलली. तिच्याकडे पाहिलं, वर निरीक्षकांकडे पाहिलं. आता संपलं, असं वाटून निरीक्षकांनी डोळे मिटले.

"बघा!" कोच गरजले. "बघा मॅडम! चेन तुटली तरी माणूस थांबला नाही! याला म्हणतात वेग साधणं!"

टाळ्या वाजल्या. माणसाची श्रद्धा बसली की तो चेनशिवायही सायकल चढवतो. एकाने तर हा श्वासाचा परिणाम आहे असं शेजाऱ्याला समजावून सांगितलं. अधिकारी बाईंच्या कपाळावर एक आठी आली होती, पण त्यांनी काही विचारलं नाही. निरीक्षक सुटले होते. नुसतं हसायचं आणि घरी जायचं, एवढंच बाकी होतं.

वहिनी पाण्याचा पेला घेऊन आल्या. लंगडत, नेहमीपेक्षा जास्त लंगडत. पेला देऊन त्या उताराच्या कठड्यावर टेकल्या आणि गुडघ्यावर हात दाबून धरला. साडीवरूनही कळत होतं की गुडघा चांगलाच सुजलाय.

"हे काय झालं?" निरीक्षकांनी विचारलं.

"काही नाही हो. रोज संध्याकाळी जिन्याच्या दांड्याला धरून पाय वाकवायला लागलेय. डॉक्टर नको म्हणाले होते. पण तुम्हाला पुलावर बघायची ना, वाटायचं, भाऊजींना जमतं, मग आपल्यालाच का जमू नये? दुखतं फार. पण होईल."

निरीक्षकांच्या हातातला पेला तसाच राहिला. आयुष्यात त्यांनी किती लोकांना पकडलं होतं. काटा मारणारा माणूस गिऱ्हाइकाला चिमूटभर फसवतो. त्याने कधी कुणाचं हाड सुजलेलं त्यांच्या पाहण्यात नव्हतं. त्यांना इतकी शरम वाटली की आपण आत्ता इथे उभे नसतो तर बरं, असं नाही, तर आपण या बाईच्या घरात वाढलोच नसतो तर बरं, असं वाटलं.

त्यांनी पंचा सोडला.

"मॅडम," ते म्हणाले. "हा खटका बघा. वायर जोडलेली आहे. मी पूल पायाने कधीच चढलो नाही. एकदाही नाही."

कोणालाच काही कळेना. मग त्यांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकवले आणि खटका दाबला. पुढचं चाक फिरलं, पॅडल जागच्या जागी. आता सगळ्यांना कळलं.

"आणि वर पोचल्यावर तुम्हाला दम लागायचा तो?" वहिनींनी विचारलं.

"तो... मी आणायचो."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. वहिनी हसल्या नाहीत.

"आणि साखर?"

निरीक्षकांनी मान खाली घातली. "यंत्र बरोबर होतं, वहिनी."

कोचांच्या हातात अजून चेन होती. तिचा काळा मळ त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याला लागला होता. ते ओरडले नाहीत, त्यांचा चेहरा फक्त लहान मुलासारखा झाला. मग त्यांनाच मुद्दा सापडला. "मॅडम, आता तर हे सिद्धच झालं! वजनमापे खात्याचा निरीक्षक, आणि हातात थ्रॉटल आल्यावर तोही खोटा वागला. मग बाकीच्यांचं काय? बंदीच हवी!"

"मुद्द्यात दम आहे," अधिकारी बाई म्हणाल्या. "रखवालदाराला कुणाचा गुडघा दिसत नाही, साहेब. त्याला फक्त अंगठा दिसतो."

म्हणजे वहिनींसाठी बोलायचं कबूल करून जो माणूस त्यांच्या विरुद्ध बोलला, तो आता खरं बोलूनही त्यांच्या विरुद्धच पुरावा ठरत होता. निरीक्षकांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. पण आयुष्यभर जे काम केलं ते ऐन वेळी उपयोगी पडलं.

"मॅडम, तराजूला अंगठा लावणारे मी शेकड्याने पकडले," ते म्हणाले. "पण म्हणून बाजारातून तराजू काढून टाका, असं मी कधी लिहून दिलं नाही. तराजू नसेल तर गरिबाने माल घ्यायचा कसा? अंगठा लावणाऱ्याला पकडायचं असतं. आज तो मी आहे. मला पकडा. यांना वाट द्या."

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. मग शिपायाला बोलावून निरीक्षकांच्या सायकलची हिरवी पट्टी काढायला लावली. ती नखाने खरवडून खरवडून काढावी लागली, आणि तेवढा वेळ सगळा जमाव उभा राहून बघत होता. एरवी हे काम दुकानदाराच्या बाबतीत व्हायचं आणि निरीक्षक चष्मा पुसत उभे असायचे. आज चष्मा पुसायचं त्यांना सुचलं नाही. पिवळी पट्टी डकवून शिपायाने ती अंगठ्याने नीट दाबली.

निकाल त्या दिवशी लागला नाही. तो पुढे काही महिन्यांनी लागला आणि थ्रॉटलला सायकलमार्गावर धिम्या वेगाने यायला परवानगी मिळाली. त्यात निरीक्षकांच्या बोलण्याचा वाटा किती, हे कुणी मोजलं नाही. वहिनींचं काम टिकलं. गुडघा मात्र पहिल्याइतकाही वाकेना, डॉक्टर म्हणाले, ताण दिला नसता तर बरं होतं. मंडळाच्या फलकावर फोटोच्या जागी चार खिळे राहिले.

पण त्या संध्याकाळी नियम जुनाच होता. लोक पांगले. वहिनींनी पेटी बांधली आणि मोठ्या रस्त्याच्या दिशेने सायकल वळवली. निरीक्षक आपली बिनचेनची सायकल हाताने ढकलत त्यांच्या मागे निघाले. शेजारून ट्रक धडधडत जात होते. प्रत्येक ट्रकासरशी वहिनींची सायकल थोडी मातीत उतरत होती.

"वहिनी, तुम्ही कडेने चला. मी बाहेरच्या बाजूला चालतो."

वहिनी थांबल्या. सभा सुटल्यापासून पहिल्यांदा त्यांनी वळून निरीक्षकांकडे पाहिलं. डोळे लाल होते.

"ढकलत कुठे येताय? संध्याकाळचे नमुने घ्यायचेत, मला उशीर होतोय. बसा सायकलवर."

"चेन तुटलीय ना."

"तुम्हाला कधी लागली होती?" वहिनी म्हणाल्या. "बसा. आणि पाय हलवू नका."

निरीक्षक बसले. पाय पॅडलवर ठेवले आणि अंगठा दाबला. पुढचे चौक, बाजार, त्यांनी ज्यांचे तराजू तपासले होते ती सगळी दुकानं, आणि शेवटी त्यांच्या इमारतीचं फाटक, या सगळ्यांसमोरून ते ट्रकांच्या बाजूने, ताठ बसून, दोन्ही पाय पॅडलवर स्थिर ठेवून गेले. एकदोनदा सवयीने पाय फिरायला लागले. तेव्हा शेजारून वहिनींनी नुसतं त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि ते थांबले.